पेटी अपडेट: राखेत दोन पुढं, दोन मागं

मंडळी, बसलं! शेतातल्या उंदरांवर उपाय म्हणून लावलेल्या पेटीत एकदाचं गव्हाणी घुबड बसलं! एवढंच टाकून मोकळं व्हायचं होतं, पण मागच्या वेळी मी वैतागून 'आता पेटी उतरवते आणि खुडूक कोंबडी बसवते त्यात' असं लिहिलं होतं आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला समजावायला मेसेज केले होते, त्यामुळे सगळा हिशेब देणं भाग आहे.

पेटी तीच, गोठ्याच्या पत्र्याखाली माळ्यावर, तोंड शेताकडं आणि मागचं झाकण माळ्यात उघडणारं. १२ मिमीची ७१० ग्रेडची प्लाय. याबद्दल माझं मत बदललेलं नाही, साधी कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात पापडासारखी फुगते, पहिल्या पेटीचा अनुभव आहे. दुकानदार 'ताई, पेंट मारा की, काही होत नाही' म्हणतो तेव्हा हसून पुढच्या दुकानात जायचं.

तर चौदा महिन्यांत त्या पेटीत काय काय राहून गेलं? एक पाल, गांधीलमाशांचं पोळं (ते आपोआप गेलं), आणि पारवे. पारवे, पारवे आणि पारवे. गव्हाणी घुबडासाठी केलेल्या घरात पारव्याच्या दोन विणी झाल्या. अंडी दिसली की मला हात लावायची हिंमत होत नाही, मग अठरा दिवस उबवणं आणि वर महिनाभर पिल्लांचं फुगणं हे सगळं बघत बसायचं आणि ती उडाली की घमेलं भरून घाण काढायची. चार काटक्या आणि बाकी सगळी विष्ठा, याला घरटं म्हणतात हे लोक.

उपाय काय केले ते थोडक्यात सांगते कारण निम्मे तुम्हीच सुचवलेले. बाहेरची फळी काढली, तर ते थेट भोकात उडी मारायला शिकले. सीडी टांगल्या, आठवड्यात पारवे त्यांच्या शेजारी बसून पिसं साफ करायला लागले. आत आडवी फळी घालून अंधार केला, थोडा फरक पडला, मग त्यांना तो अंधारच आवडायला लागला. एका जुन्या जाणकारानं भोक लहान कर म्हटलं, पण गंमत अशी की पारवा आणि गव्हाणी घुबड लांबीला जवळपास सारखेच, तेहतीस-पस्तीस सेंटिमीटर, आणि माझं भोक तेरा बाय तेराचं. ज्या भोकातून घुबड जाईल त्यातून पारवा जाणारच. मापानं हा प्रश्न सुटणार नाही हे डोक्यात शिरायला मला ऑक्टोबर उजाडला.

सुचलं कसं तेही सांगते. आमच्याकडं एक आठवडा दिवसपाळीची लाईट आणि एक आठवडा रात्रपाळीची, आणि रात्रपाळीला मामा (सासरे) उसाला पाणी पाजायला बाहेर असतात. एकदा सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "तुझं ते पांढऱ्या तोंडाचं रात्री मोटरीच्या खांबावर बसलेलं. पारवं झोपल्यावर येतंय, आन पारवं उठायच्या आत जातंय." आणि मला एकदम लख्ख दिसलं, की जागा एक असली तरी दोघांची ड्युटी वेगळी आहे! मापानं नाही, वेळेनं अडवायचं.

म्हणजे भोकाला बाहेरून झडप. दिवसभर बंद, अंधार पडून पारवे पत्र्याखाली गप्प बसले की उघडायची, पहाटे परत बंद. फक्त एक नियम कडक: आत घुबड असेल तर झडप पाडायची नाही, काही झालं तरी.

झडप सोपी, सहा मिमीच्या प्लायचा तुकडा आणि दोन बिजागऱ्या. खालून ओढायची दोरी हा मात्र वेगळाच छळ होता. सुतळी लावली, तिसऱ्या रात्री उंदरांनी कुरतडली. उंदरांनी! ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्यांनीच. नायलॉन दोरी लावली तर ती ताणली जाऊन झडप अर्धीच उघडायची. मग नवऱ्यानं गॅरेजमधून स्प्लेंडरची जुनी क्लच वायर आणली, बाहेरच्या रबरी नळीसकट, आणि ती गोठ्याच्या दारापर्यंत फिरवून टोकाला सायकलचा ब्रेक लिव्हर बसवला. तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी दोरीच्या नादी लागूच नका, सरळ गॅरेज गाठा.

पण पहाटे साडेचारला आत कोण आहे हे कळणार कसं? कॅमेरा घेतला होता हे आठवत असेल. बावीसशे रुपये, खोक्यावर 'नाईट व्हिजन', आणि आतले दिवे असे लालभडक पेटतात की पेटीत चूल पेटल्यासारखं दिसतं. मळ्यात नेटवर्कची बोंब ती वेगळीच. परत करायला गेले तर विकणाऱ्यानं सात दिवसांची मुदत संपली म्हणून हात वर केले. तो कॅमेरा आता कोंबड्यांवर लक्ष ठेवतो.

शेवटी उपाय निघाला आत्यांच्या (सासूबाईंच्या) चुलीतून. चाळलेली राख पुठ्ठ्यावर पातळ पसरायची आणि तो पुठ्ठा माळ्याच्या बाजूनं फटीतून भोकाच्या आतल्या उंबऱ्यावर सरकवायचा. पहाटे मामा धारा काढायला उठतात तेव्हा तो हळूच ओढून बॅटरीत बघायचा. पारव्याचा पाय म्हणजे तीन बोटं पुढं आणि एक मागं, घुबडाचं बाहेरचं बोट मागं वळतं त्यामुळे दोन पुढं, दोन मागं. मामांना मी वहीवर काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी आता घुबडाचा तलाठी झालो व्हय? रोज नोंदी करायच्या?"

नोव्हेंबर पूर्ण कोरा गेला. राखेवर पालीच्या शेपटीची रेघ आणि एकदा कुणा उंदराची नाजूक रांगोळी, बस. पारवे मात्र खरंच हटले, दिवसभर बंद दारावर टकटक करून शेजारच्या पडक्या घरात गेले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या रानात ऊसतोडीची टोळी आली. ऊस उभा असतो तोवर उंदरांच्या डोक्यावर छप्पर असतं, तोड झाली की सगळे उघड्यावर, पाचटातून इकडून तिकडं पळतायत, आणि त्या रात्री आम्ही खांबावर एक नाही, दोन घुबडं बघितली.

२८ तारखेला पहाटे मामा दारात उभे. मला उठवायला ते कधी येत नाहीत, मला वाटलं म्हैस व्याली. हातात पुठ्ठा, बॅटरीचा उजेड त्याच्यावर. "बघ गं, ह्यो तलाठ्याचा उतारा." राखेत तीन ठसे, एक अर्धवट, दोन स्वच्छ. दोन पुढं, दोन मागं. नखांची टोकं वेगळी उमटलेली, बोटांच्या मध्ये राख जराशी उचललेली. मी म्हटलं झडप पाडली का तुम्ही, तर म्हणाले, "आत बसलंय ते. फुस्स केलं माझ्यावर. मी लिव्हरला हात न्हाई लावला."

मी वर गेले नाही. जायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू, पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून परत आले. मग आत्या उठल्या आणि त्यांना कळलं की जे यायला नको म्हणून त्या वर्षभर आडून आडून सांगत होत्या ते आलं. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन उगाळत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं. मी म्हटलं, आत्या, आपण दगड मारलाच नाही, घर दिलंय, मग आपलं काय झिजणार? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत पण राख चाळून ठेवायचं काम सोडलेलं नाही. (तसं राख ओली झाली तर झोंबेल म्हणून आता मी बारीक माती वापरते, त्यांना सांगितलेलं नाही.)

नावातच गव्हाण आहे ना या पक्ष्याच्या, गोठ्यातच राहायचा तो. वाडे पडले, विहिरींच्या जुन्या दगडी बांधकामातले कोनाडे सिमेंटनं बुजले, रस्ता रुंद करताना ढोलीवाल्या चिंचा गेल्या, आता राहणार कुठं? लक्षद्वीपला कवरत्तीत नारळ खाणाऱ्या उंदरांसाठी बाहेरून गव्हाणी घुबडं नेली होती, ते वाचून मामांना फार कौतुक. मला वाटतं आपल्याकडं आणायची गरजच नाही, ती आहेतच, त्यांना भोक हवंय फक्त. पुणे जिल्ह्यात पिंगोरीला २०१८ मध्ये इला फाउंडेशननं घुबडांचा उत्सव भरवला तेव्हा मी गेले नव्हते, त्याची चुटपुट अजून आहे, पुढच्या वेळी आत्यांनाच घेऊन जाईन.

आता मजेचा भाग, उलट्या! म्हणजे पेलेट, घुबड न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडातून टाकतं तो गोळा, पण आमच्या घरात 'उलटी' हाच शब्द रुळलाय आणि पाहुण्यांसमोर पंचाईत होते. पहिली सापडली ती थेट म्हशीच्या गव्हाणीत, अंगठ्याएवढी, काळी, ताजी असताना वर वार्निश मारल्यासारखी चमक. तीन आठवड्यांत अकरा धड मिळाल्या. झिपलॉकमध्ये घालून फ्रीझरमध्ये, मटारांच्या मागं, आठवडाभर, मग कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवायच्या. चिमटा भुवया कोरायचा घेऊ नका, टोक बोथट असतं, घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडं मिळतो तो घ्या.

अकरा उलट्यांत चौतीस कवट्या. १९ छोटे उंदीर, ८ मऊ केसांचे शेतउंदीर, ४ चिचुंद्र्या, २ घुशीची पिल्लं, आणि एक अशी चिरडलेली की ओळखायचा नाद सोडून दिला. चिचुंद्री ओळखायला सोपी, उंदराचे पुढचे दात पिवळे-नारिंगी आणि दाढांच्या आधी मोकळी जागा, चिचुंद्रीला ती मोकळी जागाच नाही, सगळे दात एका रांगेत, पांढरे, बारीक करवतीसारखे. खरं सांगायचं तर चिचुंद्री किडे खाते, तिच्याशी आमचं भांडण नव्हतं. आणि मोठी घूस एकही नाही, ती या घुबडाला झेपत नाही. बांध पोखरते ती घूसच. म्हणजे 'घुबड लावा, उंदीर विसरा' असलं काही मी कुणाला सांगणार नाही.

आणि आता ज्यानं माझी झोप उडवलीय ते. बांधाला बांध असलेले एक तात्या आहेत, त्यांनी मागच्या आठवड्यात बांधावर निळ्या वड्या टाकल्या. पाकीट बघितलं, ब्रोमॅडिओलोन. हे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस आतून रक्तस्राव होत राहतो, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला ताटात वाढल्यासारखाच, आणि विष राहतं उंदराच्या काळजात (यकृतात). घुबड उंदीर सोलून खात नाही, अख्खा गिळतं. माझी योजना होती की फेब्रुवारीत आंब्यावर पेटी क्र. २ लावायची, प्लाय कापूनसुद्धा ठेवलीय, पण आता विचार करतेय की वड्या बंद झाल्याशिवाय दुसरी पेटी लावणं म्हणजे दुसऱ्या जोडीला जेवायला बोलवून विष वाढणं. त्यामुळे पेटी क्र. २ रद्द. निदान सध्या.

त्याऐवजी तोडलेल्या रानात टी आकाराचे पक्षीथांबे रोवावेत असं आधी लिहिणार होते, पण लिहितालिहिता लक्षात आलं की तेही तेच, घुबडाला तात्यांच्या बांधाजवळ बसायची सोय करून द्यायची. नको.

मग काल काय केलं, काळ्या पुठ्ठ्यावर चौतीसच्या चौतीस कवट्या फेविकॉलनं चिकटवल्या, ओळीनं, खाली मार्करनं तारखा, आणि मामा संध्याकाळी दूध घालायला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर डेअरीवर नेल्या. कॅनच्या रांगेत वीसएक माणसं. पोरांनी आधी हात लावले, मग मोठ्यांनी. तात्याही होते. चष्मा पुसून त्यांनी एक एक ओळ मोजली, आणि मला वाटलं आता म्हणतील शाब्बास, तर म्हणाले, "यात मोठी घूस कुठाय? माझा बांध घूस फोडतीया, ही चिल्लर न्हाय."

बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, तात्या, घुशीसाठी सापळे मी लावते, चार आहेत आमच्याकडं, रोज सकाळी बघायलाही मी येते, तुम्ही वड्या उचला तेवढ्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अमावस्येपर्यंत बघू. उचलल्या का ते उद्या सकाळी बांधावर गेल्यावर कळेल. सापळ्यांच्या स्प्रिंगा मी आत्ताच तेल घालून ठेवल्यात, आमिषाला सुका बोंबील लावणार होते, पण मामा म्हणतायत बोंबलानं मांजरं येतील, कांदाभजी लाव. कुणी घुशीसाठी भजी वापरून बघितलीत का?