गॅलिलिओची न उघडलेली छत्री

साताऱ्यात पावसाळ्याच्या तोंडावर माळ्यावरची छत्री खाली काढली की आधी उघडून बघतात. वर्षभर घडीत राहिलेली एखादी काडी धरून बसलेली असते. थोडं तेल आणि हलका झटका दिला की सुटते. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना अशीच छत्री होती: ४.८ मीटर व्यास, १८ काड्या आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली मॉलिब्डेनमच्या तारेची जाळी. झटका द्यायला हात तेवढा पोचणार नव्हता.

११ एप्रिल १९९१ला ती उघडायला घेतली. मोटरी फिरल्या, करंट जास्त खाऊ लागल्या आणि थांबल्या. काही काड्या मधल्या खांबाला चिकटून राहिल्या.

तपासात बोट गेलं ते ट्रकच्या प्रवासाकडे. काड्या घडीत धरणाऱ्या टायटॅनियमच्या पिनांवर कोरड्या वंगणाचा थर होता. १९८६च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या (स्पेस शटल) दुर्घटनेनंतर उड्डाण लांबलं, अँटेनाच्या कॅलिफोर्निया-फ्लोरिडा फेऱ्या वाढल्या आणि हादऱ्यांनी पिना खोबणीत घासत राहिल्या. वंगण गेलं, ते पुन्हा चढवलं नाही. हवेत उघड्या टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बसतो. निर्वातात तो बसत नाही, धातू धातूला धरतो. आपल्या एमआयडीसीतला मशीनिंग झालेला माल खंबाटकी घाटातून पुण्याला जाताना दोन पार्ट एकमेकांवर घासू देत नाहीत, तेही हादऱ्यांनी पृष्ठभाग खराब होऊ नये म्हणूनच.

यान उन्हाकडे वळवून तापवलं, सावलीत धरून थंड केलं, म्हणजे खांब लांब-आखूड होऊन पिना सरकाव्यात. मोटर चालू-बंद करून १३,००० हून जास्त ठोके दिले. काड्या हलल्या नाहीत.

उरली छोटी अँटेना. सेकंदाला १,३४,००० बिट येणार होते, तिथे सुरुवातीला दहाच्या आसपास. ८०० बाय ८०० पिक्सेलचा एक फोटो म्हणजे ५१ लाख बिट. ठरल्याप्रमाणे ३८ सेकंदांत आला असता, आता सहा दिवस. मग यानावरचं सॉफ्टवेअर बदललं, यानातच डेटा दाबून लहान केला, पृथ्वीवरच्या डिश जोडून ऐकलं, आणि वेग १६०पर्यंत नेला. माझ्या मते मोहिमेतलं सर्वांत मोठं काम हेच. फोटो आधी टेपवर साठवून सावकाश पाठवायचे होते. ऑक्टोबर १९९५मध्ये तो रेकॉर्डरही अडकला. टेपच्या कमजोर टोकावर २५ जादा वेढे घेऊन तो भाग कायमचा बाजूला ठेवला.

गुरूचा चंद्र युरोपा याच्या बर्फाखाली खारा समुद्र असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आला तो यानावरच्या मॅग्नेटोमीटरकडून, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राकडून. त्याच्या नोंदी आकड्यांच्या, फोटोच्या मानाने चिमूटभर, म्हणून त्या बारीक नळीतूनही निघाल्या. गुरू वर असेल तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या कठड्यावर कोपर टेकवून १०×५०ची दुर्बीण रोखा: गुरूच्या अगदी जवळचे ठिपके शोधा. हात हलला तर युरोपा गुरूच्या उजेडात हरवतो.

गुरूकडे नंतर पाठवलेल्या यानांपैकी जुनोची २.५ मीटरची आणि युरोपा क्लिपरची सुमारे ३ मीटरची डिश घडीची नाही. ज्यूस यानाची रडार अँटेना मात्र घडीची, १६ मीटर लांब. एप्रिल २०२३मध्ये एका छोट्या पिनेपायी तीही अडकली. यान हलवलं, उन्हात तापवलं. शेवटी १२ मेला अँटेना धरणाऱ्या चौकटीतलं एक यंत्र चालवून झटका दिला, तशी पिन काही मिलिमीटर सरकली आणि घडी उलगडली.