तुम्ही विचारलंत म्हणून: लाट मागून येते, मग पुढे कशाला बघायचं?

सपाट पाण्यावर तासभर आरामात वल्हवणारी मंडळी हमखास विचारतात: मोकळ्या समुद्रात वारा पाठीशी असूनही लाटा पॅडलबोर्डाखालून (उभं राहून वल्हवायच्या फळीखालून) नुसत्या निघून जातात, हात कमी पडतात का? बहुतेकदा हात पुरेसे असतात. चुकते ती लाट आणि जोर लावायची वेळ.

खोल पाण्यात दोन माथ्यांमधल्या सेकंदांना १.५६ ने गुणलं की लाटेचा वेग मिळतो, मीटर प्रतिसेकंदात. १० सेकंदांची लाट ताशी ५६ किलोमीटरने पळते. तिचा नाद सोडा. ३ सेकंदांची, वाऱ्याने उठवलेली लाट ताशी १७ च्या आसपास असते. ताशी ८ ने वल्हवणाऱ्याची गाठ पडते ती हिच्याशी. मोठीचा फायदा एवढाच की तिच्या माथ्यावर छोटी आली की छोटीचा उतार जास्त खडा होतो. असा क्षण दवडू नका.

आता वेळ. मागे वळून पाहिलंत की तोल गेलाच. नजर बोर्डाच्या नाकासमोरच्या, म्हणजे पुढच्या टोकासमोरच्या खळग्यावर (दोन लाटांमधल्या खोलगट भागावर) ठेवा. लाट आल्याचं पायांना कळतं: बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, उचललं जातं, नाक खळग्याकडे झुकतं. त्याच क्षणी चार ते सहा आखूड, झपाझप फटके. वल्हं पावलांपाशी आलं की बाहेर. त्यामागे ओढत नेलं तर शेपूट खाली दबतं आणि बोर्ड मंदावतो. शेपूट उचलायच्या आधी लावलेली ताकद वाया जाते, आणि माथा पायाखालून सरकल्यावर तर तुम्ही चढावरच वल्हवत असता.

बोर्ड घसरू लागला की हात थांबवा आणि एक पाऊल मागे घ्या, नाहीतर नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं. फार मागे गेलात तर शेपटाचा ब्रेक लागतो. वेग मरतोय असं वाटलं की अर्धं पाऊल पुढे.

पकडलेली लाट थोड्याच वेळात विरते. तुमचं काही चुकलेलं नसतं. खोल पाण्यात लाटांचा समूह एकेका लाटेच्या निम्म्याच वेगाने सरकतो, त्यामुळे प्रत्येक लाट समूहाच्या पुढच्या टोकाला जाऊन मावळते आणि मागे नवी उठते. म्हणून विरत्या लाटेवर दम घालवू नका, पुढचा चढ ओलांडायचा हट्टही नको. डावीकडे किंवा उजवीकडे खळगा दिसेल तिकडे तिरकं वळा. हवाईतल्या माउई बेटावरच्या मालिको ते काहुलुई या नावाजलेल्या वाटेवरही असंच एका खळग्यातून दुसऱ्यात जावं लागतं.

बोर्ड साधारण १४ फुटी, नाक वर वळलेलं. सपाट पाण्याच्या शर्यतीचा सरळ नाकाचा बोर्ड इथे सारखा बुडी मारतो. वल्हं नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड बरं.

लीशबाबत, म्हणजे बोर्ड आणि पाय जोडणाऱ्या दोरीबाबत, मात्र तडजोड नाही. १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वाऱ्यात सुटलेला बोर्ड पोहून गाठता येत नाही. लाइफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पिशवीत फोन हवाच. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे असावा, समुद्राकडे नेणारा कधीच नको. पहिली फेरी चार-पाच किलोमीटरची, सोबतीसह. पडताना बोर्डापासून लांब, अंग पसरून पडा. चढायच्या आधी बोर्डाचं नाक वारा वाहतो त्या दिशेला फिरवून घ्या. आडवा राहिला तर पुढची लाट तो तुमच्याच अंगावर उलटवते.