बहुधा

आपल्या कुळाचा इतिहास लिहून स्वखर्चाने छापायचा, हे मी ठरवले तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, एवढ्याच उदारपणे सर्वांनी ते मान्य केले. नाशिकमध्ये राहणाऱ्याला या कामात एक मोठी सोय असते. परगावचे लोक ज्यासाठी प्रवास करून येतात, ती तीर्थोपाध्यांकडची नामावळी आपल्याला चालत जाऊन पाहता येते. रामकुंडाजवळच्या एका जुन्या घरात गुरुजींना आडनाव आणि सिन्नर तालुक्यातले मूळ गाव सांगितले, तर त्यांनी माळ्यावरून फडक्यात बांधलेली लांबट वही काढली आणि दहा मिनिटांत शके १८१५ च्या कार्तिकातली, म्हणजे १८९३ सालची, आमच्या घराची नोंद माझ्यासमोर ठेवली. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या माझ्या खापरपणजोबांनी ती मोडीत लिहिली होती.

मोडी मी उतारवयात शिकलो. तिच्यात डोक्यावरची रेघ आधी ओढून घेतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडण्याची पद्धत नाही. त्या अखंड ओळीत मला खापरपणजोबांचे नाव दिसले आणि त्याला लागूनच ‘तात्या’ दिसले. तात्या हे त्यांचे धाकटे भाऊ असणार, असे मी ठरवले. पुढच्या एकाही नोंदीत तात्यांचा मुलगा आढळेना, म्हणून ते निपुत्रिक. आणि १९१८ नंतर त्यांचा कुठेच मागमूस लागेना, म्हणून मी लिहिले की ते बहुधा त्या वर्षीच्या मानमोडीच्या साथीत वारले.

बाकीची साधनेही काही फार विश्वासू नव्हती. शाळेच्या दाखल्यांवरून पाहावे, तर आमच्या घराण्यातले निम्मे पुरुष १ जूनला जन्मले आहेत, कारण नाव घालायला गेलेल्या वडीलधाऱ्यांना तिथी आठवली नाही की मास्तर तीच तारीख लिहीत. घरातल्या सुनांची माहेरची नावे तर कोणत्याच कागदावर नव्हती. ती मिळाली ती म्हाताऱ्या आत्यांकडून, तीही दुपारच्या चहानंतर आणि मूड असेल तरच. १९६९ च्या महापुरात वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले होते, यावर चार काकांच्या चार पायऱ्या ठरल्या. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता, एवढ्यावरच चौघांचे एकमत होते. साहजिकच माझ्या हस्तलिखितात ‘बहुधा’ हा शब्द फार झाला.

मुद्रिते तपासायला भाची होती. ती काटेकोर आहे. तिने ६४ बहुधा मोजले आणि विचारले, “मामा, हे पुस्तक आहे की हवामानाचा अंदाज?” मला लाज वाटली. तिने लाल पेनाने बहुतेक ठिकाणी तो शब्द उडवला आणि वाक्ये खरोखरच ताठ उभी राहिली. तात्याही मानमोडीत निःसंशय वारले.

मजकूर १८८ पानांचा झाला होता. छपाई सोळा पानांच्या फॉर्मने होते, म्हणून बारा फॉर्मांची १९२ पाने धरावी लागली आणि शेवटी चार पाने कोरी राहिली. छापखानेवाल्यांनी तिथे देवाचा फोटो सुचवला. मी नको म्हणालो. आयएसबीएनचा तेरा आकडी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळाला. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यावी लागते, आणि प्रकाशक मीच असल्याने एक प्रत मी कोलकात्याला रवाना केली. दुसरी १८४० सालापासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाला दिली. दीडशेपैकी बाकीच्या बहुतेक नातेवाइकांत वाटल्या, आणि प्रत्येकाने आधी स्वतःचे नाव शोधले.

वर्षभराने एक प्रत गुरुजींना द्यायला गेलो. त्यांनी ती चाळली, मग उठून वही काढली, आमच्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “अहो, तात्या हे यांचंच हाकेचं नाव. माणूस एकच आहे.” त्यांच्या वहीत त्या नोंदीखाली दोन बोटे जागा मोकळी होती. माझे तात्या मात्र कोलकात्याला कायद्याने सुरक्षित झाले होते.

घरी उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या पानांवर मी शाईने दुरुस्ती लिहिली आणि वाटलेल्या प्रतींसाठी घरोघर निघालो. थोरल्या काकूंच्या प्रतीत दोन कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब होता आणि तिसऱ्यावर पणतूच्या जन्माची वेळ आणि वजन. चौथ्यावर मी दुरुस्ती लिहू लागलो. काकू चष्मा लावून शेजारी बसल्या आणि शेवटपर्यंत वाचून म्हणाल्या, “अरे, पण यांनी गेल्या सर्वपित्रीला तुझं पुस्तक उघडून तात्यांना वेगळा पिंड दिला होता. तो कुणाला पोचला?”

“बहुधा थोरल्या भावाला,” मी म्हणालो.