चिमणीचा चारकोल फिल्टर बदलताना आलेला अनुभव

किचन चिमणीचा चारकोल फिल्टर बदलायचा असेल तर मेन स्विच बंद करून आधी खालची जाळी काढा आणि आत मॉडेल नंबरची जी पट्टी चिकटवलेली असते तिचा फोटो काढून ठेवा, बाकीचं सगळं मागाहून. एवढं ठासून सांगतेय कारण त्या एका नंबरावरून कस्टमर केअरने माझा जो छळ मांडला होता तो आठवला की अजून डोकं फिरतं.

आमची चिमणी बिनडक्टची. म्हणजे धूर बाहेर जात नाही, हवा गाळून परत किचनमध्येच सोडते. खालची धातूची जाळी तेल पकडते आणि तिच्या मागे मोटरच्या दोन्ही बाजूंना गोल काळे चारकोल फिल्टर असतात ते वास धरतात. जाळी धुता येते, साधा चारकोल नाही, त्याची बारीक छिद्रं भरली की विषय संपला. वापर कसा आहे त्यावर, पण साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलायचाच. ज्यांची चिमणी डक्टने बाहेर हवा सोडते त्यांना चारकोल लागतच नाही.

तर फोडणीचा वास रेंगाळायला लागला, जाळी धुऊनही फरक नाही, म्हणून फोन लावला. बिलावरचं नाव सांगितलं तर म्हणे मॅडम ते सिरीजचं नाव झालं, मॉडेल कोड द्या. कोड कुठे असतो? मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल एकच आणि त्यात मॉडेलं ढीगभर! शेवटी पट्टी मीच शोधली, जाळीच्या मागे आतल्या भिंतीवर, वर पिवळा मेणचट थर बसलेला. कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून हळूहळू पुसलं तेव्हा कुठे आकडे दिसले (घासू नका, छपाईच निघून येईल). कोड दिला तर पुढचं उत्तर, हा फिल्टर आता येत नाही, नवीन चिमणी घ्या. मोटर ठणठणीत, लाइट चालू, बटणं चालू, आणि फिल्टर नाही म्हणून अख्खी चिमणी भंगारात टाकायची? मी हटूनच बसले. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण, आणि संध्याकाळी मेसेज की तुमची तक्रार सोडवली आहे. काय सोडवलीत?

मग त्यांनी "हा बसेल" म्हणून एक फिल्टर पाठवला. व्यास अगदी बरोबर, पण बसेना. जुना उलटा करून दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं, जुन्याच्या मधल्या भोकाला आतून तीन खाचा आणि नव्याला दोनच, मग मोटरवरच्या दात्यांत तो अडकणार कसा. तेव्हा नुसता व्यास बघून घेऊ नका. मधल्या भोकाचं माप, जाडी, खाचा किती, सगळं बघा, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून मागच्या बाजूचा फोटो काढा.

सुटका केली ती फोनवरच्या एका मुलीने. ती म्हणाली, मॅडम जुन्या फिल्टरच्या कडेवर काही अक्षरं आहेत का बघता? होती! प्लास्टिकमध्येच उठावाची, काळ्यावर काळी, टॉर्च तिरका धरला तरच दिसणारी. तो फिल्टरचा स्वतःचा पार्ट नंबर, चिमणीच्या मॉडेलचा नाही. तो टाकून शोधल्यावर दुसऱ्या उत्पादकाचा तंतोतंत तसाच मिळाला. बरणीचं झाकण लावतो तसा फिरवला आणि टक् करून बसला, जीव भांड्यात पडला. त्या मुलीचे मनापासून आभार, पण हे पहिल्याच फोनला सांगता आलं असतं ना?

तुमचा चारकोल गोल नसून सपाट असेल तर बरंच सोपं, मापाने कापून बसवायची शीट मिळते.

जाळीचं राहिलंच. महिन्यातून एकदा तरी धुवा, तळण जास्त असेल तर त्याआधीच. गरम पाणी, भांड्यांचा साबण, थोडा वेळ भिजत ठेवायची आणि मऊ ब्रश. ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा किंवा ड्रेन साफ करायची पावडर अजिबात नको, धातू खाल्ला जातो. स्टीलची बॅफल, म्हणजे वळवलेल्या पट्ट्यांची जाळी, जास्त सोसते. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. आणि हे काम टाळूही नका, तेलाने थबथबलेल्या जाळीखाली मोठी आच म्हणजे आगीला आमंत्रण. हो, काहीही काढायच्या आधी मेन स्विच बंद.

फिल्टर बदलल्यावरही लाल लाइट लुकलुकत राहिला तर घाबरून परत कस्टमर केअरला फोन करू नका. बऱ्याच चिमण्यांत तो लाइट फिल्टर किती मळला हे बघतच नाही, नुसते चालल्याचे तास मोजतो. मॅन्युअलमध्ये रीसेटचं बटण दिलेलं असतं, आमच्यात ते थोडा वेळ दाबून धरलं की जातो.