आधी चाक, मग एस.टी.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून स्वतःच्या मनातली गाडी उभी करायला बसलेला माणूस बहुधा तिच्या तोंडापासून सुरुवात करतो. गाडीची ओळख तोंडात असते. दिवे, जाळी आणि समोरची काच जमली की अर्धे काम झाले असे त्याला वाटते. कपाटात ठेवायच्या गाडीपुरते ते खरेही असते. पण ज्या गाडीत मोटर बसवून तिला जमिनीवर चालवायचे आहे, तिचा हिशेब चाकापासून मांडावा लागतो. ठोकळे हवे तसे रचता येतात, गिअर अदलून बदलून पाहता येतात, टायर मात्र ठरावीक मापांचेच मिळतात. आणि एकदा टायर ठरला की लांबी, रुंदी, उंची या सगळ्या गोष्टी मुकाट्याने त्याच्या मागे येतात.

मला एस.टी. करायची होती. परदेशी ट्रॅक्टर, क्रेन आणि शर्यतीच्या गाड्यांचे तयार संच पुष्कळ मिळतात, पण १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर जिची पहिली फेरी झाली, त्या आपल्या लाल गाडीचा संच कोणी काढत नाही, आणि काढला असता तर कदाचित मला ती करावीशी वाटलीही नसती. रंगाची अडचण नव्हती. हे ठोकळे लेगो कंपनीचे, आणि तिचा लाल हा जुना आणि मुबलक मिळणारा रंग आहे. हिशेब सुरू झाला तो ४३.२ मिलिमीटर व्यासाच्या एका अरुंद टायरपासून. खऱ्या बसचा टायर साधारण एक मीटर उंच असतो, म्हणजे प्रमाण १:२४ आले. अडीच मीटर रुंदीची गाडी मग १०४ मिलिमीटरची होते, आणि ठोकळ्यांवरची दोन बटणे एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असल्यामुळे रुंदी बरोबर तेरा बटणे येते. अकरा मीटर लांबीची सत्तावन्न.

तेरा हा आकडा या छंदात साधा नाही. नेहमीचे ठोकळे बहुतेक दोन, चार, सहा, आठ अशा सम मापांत येतात. यांत्रिक रचनेसाठीच्या भोके पाडलेल्या पट्ट्या मात्र तीन, पाच, सात करत पंधरापर्यंत विषम मापांत येतात, कारण मधोमध एक भोक असले तर आस नेमका मध्यावर बसतो. त्यामुळे गाडीचा सांगाडा विषम आणि अंग सम, असा संसार एकाच छताखाली मांडावा लागतो. मध्यावर एकच बटण असलेल्या छोट्या चपट्या तुकड्याने अर्ध्या बटणाची सरक देता येते, आणि समोरच्या काचेची मधली पट्टी मी त्याच्याच भरवशावर गाडीच्या नेमक्या मध्यरेषेवर आणली. उभ्या मापाचेही असेच आहे. पूर्ण ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच आणि चपटा तुकडा ३.२; म्हणजे एक ठोकळा आणि दोन चपटे तुकडे एकावर एक ठेवले की बरोबर १६ मिलिमीटर, दोन बटणांची रुंदी. ही बेरीज पाठ असली तरच आडव्या थरांची भोके उभ्या पट्टीच्या भोकांशी जुळतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्याशी आजचा ठोकळाही जुळतो. त्यामुळे ही पाठांतरे वाया जात नाहीत.

पूर्वी मुंबई-पुणे रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसे: नुसता सांगाडा, चार बाजू उघड्या, आणि तोंडाला फडके गुंडाळून वारा खात तो हाकणारा ड्रायव्हर. कंपनीकडून निघालेला तो सांगाडा दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळेत जायचा आणि तिथे त्याच्यावर अंग चढवले जायचे. ठोकळ्यांच्या गाडीलाही हाच क्रम मानवतो. लेगोने १९७७ मध्ये यांत्रिक संच काढले त्यांतही एक मोटारीचा उघडा सांगाडाच होता, ज्यात स्टिअरिंग वळत असे आणि गाडी पुढे ढकलली की इंजिनातले दट्टे खालीवर होत. उघडा सांगाडा चालवून पाहिल्याखेरीज त्याच्यावर एकही लाल ठोकळा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मुख्य प्रश्न मोटरचा. एस.टी.चे इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि ओढ मागच्या चाकांना. मधे साडेपाच मीटरच्या आसपास अंतर, म्हणजे मापात अठ्ठावीस-एकोणतीस बटणे. मोटर खऱ्या जागी ठेवायची तर तेवढा लांब दांडा मागे न्यावा लागतो, आणि प्लॅस्टिकचा दांडा जोर पडला की ओले धोतर पिळावे तसा पिळतो. मोटर सुरू होते, दांडा आधी पिळला जातो, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग गाडी एकदम उसळते. मोटर थेट मागच्या आसावर बसवली तर हा त्रास संपतो, आणि बरेच जण तसेच करतात. मला ते पटेना. बाहेरून दिसणार नसले तरी आपल्या एस.टी.चे इंजिन चुकीच्या जागी, मागे बसवले आहे ही गोष्ट मनातून जात नाही. इलाज असा की वेग कमी करण्याचे काम वाटेत कुठेही करायचे नाही, अगदी शेवटी, चाकापाशी करायचे. दांडा वेगाने फिरत असला की त्याच्यावर जोर थोडाच येतो. वेग उतरवून जोर वाढवायचा तो आसाच्या तोंडाशी. खऱ्या गाडीतही वेग उतरवण्याचा शेवटचा टप्पा मागच्या आसावरच असतो, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण पिळलेला दांडा बोटांना लागल्यावर ते कळले.

हे काम करतो तो डिफरन्शियल. अठ्ठावीस दातांचे हे लहानसे चक्र बोटात धरून त्याचा एक आस उजवीकडे फिरवला की दुसरा डावीकडे फिरतो, आणि आतले तीन चिमुकले गिअर एकमेकांत गुंतून वळताना दिसतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते; दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असली तर फरशीवर त्यातले एक फरफटते आणि पुढची चाके पूर्ण वळवूनही गाडी हट्टाने सरळ जाऊ पाहते. डिफरन्शियल घातला की ती वळते, पण त्याचा दोषही सोबत येतो: एक चाक सतरंजीच्या कडेवर अधांतरी राहिले की सगळी शक्ती त्याच चाकाला जाते, ते गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. पावसाळ्यात बाजूपट्टीच्या चिखलात उतरलेली एस.टी. ज्यांनी ढकलली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

मागे जोडचाके, म्हणजे चार टायर. प्रत्येकाला दोन बटणांची जागा. तेरातून आठ गेले, उरले पाच. त्यात तीन बटणे डिफरन्शियलला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना एकेक. इतके चपखल बसले की प्रमाण मीच निवडले होते यावर क्षणभर विश्वास बसेना.

वेगाचे गणित मात्र तडजोडीचे निघाले. मध्यम आकाराची मोटर नऊ व्होल्टवर, ओझे नसताना, मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. ती चाकाला थेट जोडली तर १:२४ च्या हिशेबाने गाडी ताशी ७८ किलोमीटरने धावायला हवी, पण सहा सेल आणि एवढ्या ठोकळ्यांचे ओझे घेऊन ती जागची उठतच नाही. बारा दातांच्या गिअरने अठ्ठावीस दात फिरवले की वेग कागदावर ताशी ३३ वर येतो आणि जोर दुपटीहून अधिक होतो. घाट चढणाऱ्या भरल्या गाडीला हा वेग शोभतो, असे मी स्वतःला समजावले. स्टिअरिंगला वेगळी मोटर, आणि तिच्या वाटेत एक पांढरा घसरता गिअर, जो चाके पूर्ण वळल्यावर कट्कट् आवाज करत जागीच फिरतो आणि दात वाचवतो.

हे सगळे आधी संगणकावर जुळवता येते. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन याने १९९५ मध्ये एलड्रॉ नावाची मोफत प्रणाली केली; तो दोनच वर्षांनी वारला, पण त्याने ठरवलेले तुकड्यांच्या फाइलींचे रूप लोकांनी पुढे वाढवत नेले आणि आजही ते वापरात आहे. पडद्यावर कोणता तुकडा कुठे अडतो हे अचूक कळते. मात्र तिथे वजन नसते, घर्षण नसते आणि दांडा कधीच पिळत नाही, म्हणून पडद्यावर धावलेल्या गाडीवर मी फारसा विसंबत नाही.

आतली आसने हा खरा आनंदाचा भाग. दोन्ही भिंती वजा जाता रुंदी अकरा बटणे उरते. जुन्या एस.टी.त एका बाजूला तिघांचे बाकडे आणि दुसऱ्या बाजूला दोघांचे. माणशी दोन बटणे धरली तर दहा, आणि मधल्या वाटेला एकच बटण. मापाने ती वाट खऱ्या गाडीत एकोणीस-वीस सेंटिमीटरची होईल, जी चुकीची आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत उभ्याने प्रवास केलेल्याला ती पटायला हरकत नाही. सेलचा डबा फरशीखाली आडवा झोपवला. एस.टी.ची फरशी उंच असते, त्यामुळे तिथे जागा निघाली आणि वजनही खाली राहिले. इंजिनाच्या जागी मोटर बसली, तिच्यावर ड्रायव्हरशेजारचा तो गरम बॉनेट, ज्यावर पिशव्या ठेवायला मनाई असूनही पिशव्या असत. तिथे मी दोन पिशव्या ठेवल्या आहेत. टप एका तुकड्यात उचलता येतो, म्हणजे दुरुस्तीसाठी भिंती उसकटाव्या लागत नाहीत.

पाहणारे बहुतेक जण एकच सुधारणा सुचवतात, की दारही मोटरने उघडावे. दोन बटणांची जागा काढली तर ते जमेल, गिअरही हाताशी आहेत. पण मी ज्या एस.टी.ने फिरलो तिचे दार कंडक्टर हाताने ओढून घेत असे आणि पहिल्या झटक्यात ते क्वचितच लागे. म्हणून माझ्या गाडीचे दार बोटानेच लावावे लागते, आणि त्याची बिजागरी मी मुद्दाम थोडी घट्ट ठेवली आहे.