तुम्ही विचारलंत म्हणून: भोंडल्याला माझ्याकडे गरम काही का नसतं

खिरापत ओळखून झाली, डबा उघडला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "परत सुरळीच्या वड्या? एखादं तळणीचं गरमागरम कर की गं." मी विषय बदलते. यंदा तिघींनी विचारलं, त्यातली एक तर म्हणाली आळशी झालीस, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आळस नाहीये हो. 1 वाटी बेसन, 1 वाटी आंबट ताक, 2 वाट्या पाणी, हिंग, हळद, आलं-मिरचीचं वाटण, आणि मग हात न थांबवता ढवळत बसायचं, कारण गुठळी झाली की सगळं फुकट. थोडं ताटाला फासून बघायचं, गार झाल्यावर सुटून आलं तर ठीक, नाहीतर परत गॅसवर. आणि गरम असतानाच ताटांच्या पाठीवर पातळ पसरायचं, खोबरं कोथिंबीर भुरभुरून गुंडाळायचं. हे आळशी बाईचं काम नाही. पण दुपारी तीनला सगळं आटोपतं. ज्यांचा उपास असतो त्यांच्यासाठी खजुरात अक्रोड भरून ठेवते, तेही एका घासाचं. बायका येतात तेव्हा माझा गॅस बंद असतो. मला तेवढंच हवं असतं.

2017 च्या नवरात्रात बंद नव्हता. निम्म्या बायकांचा उपास, म्हणून मी साबुदाणा वडे ठरवले, छोटे, पेढ्याएवढे, एका घासात जातील असे. साबुदाण्यात पाणी जास्त झालं होतं, मला कळलं होतं, हाताला लागत होतं ना. बटाटाही ओलसर. पण सहा वाजत आले होते आणि खाली पाटावरचा हत्ती काढायचा राहिला होता. धाकटी जाऊ मदतीला आली होती, तिला म्हटलं, जरा कढईपाशी थांब, मी हत्ती काढून येते. ती म्हणाली, "जा वहिनी, मी बघते."

हत्तीची सोंड अर्धी झाली होती तेव्हा ओरडणं ऐकू आलं.

ओल्या वड्यावर बाहेरून पापुद्रा पटकन धरतो, आत वाफ कोंडते आणि वडा फुटतो, तेल घेऊन फुटतो. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत, आणि मानेवर. मी वर धावत आले आणि बर्फ शोधत बसले. लगेच नळाच्या धारेखाली 20 मिनिटं हात धरायचा असतो, बर्फ लावायचा नसतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी फ्रीजरमधले मटार बाजूला सारत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती, रडतही नव्हती. रिक्षात तिने मला विचारलं, "वहिनी, गॅस बंद केलात ना?" केला नव्हता. दिरांनी केला. झालेले वडे खाली वाटले गेले म्हणे. कुणी वाटले ते मी अजून विचारलेलं नाही.

आता म्हणाल, अपघात होता. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं, साबुदाणा खराब होता, दुकानदाराने जुना दिला, असंही सांगितलं. साबुदाणा चांगला होता. मला ओला लागला होता आणि तरी मी तिला उभं केलं. त्यातून हत्ती काय, नंतर काढता आला असता, अर्ध्या सोंडेभोवतीही फेर धरता आला असता. पण तेव्हाची मी लगेच म्हणते, सगळ्याच घरी बायका असंच एकमेकींच्या हातात झारा देतात, तुला काय माहीत होतं. खरंय तेही. दोन्ही खरं वाटतं, दिवसावर असतं.

बाहेरून आणायचं म्हणाल तर चितळ्यांची बाकरवडी मलाही आवडते, पण ती खिरापत डबा वाजवला की लगेच ओळखतात, मुली हिरमुसतात.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला जाऊ आली होती. मानेवरचा डाग आता फिकट झालाय. म्हणाली, "पुढच्या वर्षी वडे करू वहिनी, मी तळते." मी हो म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरं, साबुदाणा कसा भिजवायचा ते तरी सांगा." ते सांगितलं. धुवून पाणी निथळायचं, वर जेमतेम पाण्याचा हबका, रात्रभर झाकून, आणि सकाळी दाणा बोटात दाबून बघायचा, मोकळा नसेल तर त्या दिवशी खिचडीच करायची.