३३.३४ टक्के

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या म्युझिक रोवर, म्हणजे गाण्याच्या धंद्याच्या गल्लीत, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या एका छोट्या पब्लिशिंग कंपनीत मी कॉपीराइटचं टेबल सांभाळते. मूळची सांगलीकडची, शिक्षण बी.कॉम. गाण्यातलं मला फार कळत नाही, गाण्याच्या वाटण्या कळतात.

कंट्री संगीताचा गीतकार सकाळी दहाला कामावर येतो, हे घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. इथे जुन्या बैठ्या घरांतूनच ऑफिसं आहेत. आतल्या खोलीत दोघं-तिघं गिटार घेऊन बसतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाणं उभं करतात. हे सगळं फोनवर रेकॉर्ड होतं, तिला म्हणायचं वर्क टेप. मग स्प्लिट शीट, म्हणजे वाटणीचा कागद. रिवाज असा की खोलीत जितके बसले तितके समान वाटेकरी. एकाने तीनही कडवी लिहिली आणि दुसऱ्याने नुसती मान डोलावली तरी निम्मं निम्मं.

आमच्याकडे एक अडुसष्ट वर्षांचे गीतकार आहेत. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते. कंपनी त्यांना दरमहा 'ड्रॉ' देते, पुढच्या कमाईतून वळती होणारी रक्कम. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळीला देतात ती उचलच की ही! हिशेबच बघा. २००६ ते २०२२ एका प्रतीमागे गाण्याचा कायदेशीर दर होता ९.१ सेंट. लाख सीडी खपल्या तर ९,१०० डॉलर. तिघांनी लिहिलेलं असेल तर एकाचे ३,०३३, त्यातले निम्मे आमच्यासारख्या पब्लिशरचे. उरलेले दीड हजारही उचलीतच जातात. २०२३मध्ये दर १२ सेंट झाला, पण तोवर सीडी घेणारं गिऱ्हाईकच संपत आलं होतं. आजोबा सुट्टीच्या दिवशी लोकांची घरं रंगवतात. त्यांचं एक गाणं एका गायकाने 'होल्ड'वर ठेवलं होतं, म्हणजे 'दुसऱ्या कुणाला देऊ नका' एवढा तोंडी शब्द, पैसा शून्य. अकरा महिन्यांनी परत आलं.

आता खरी कमाई रेडिओवर. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकाराला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला छदाम नाही. त्यामुळे हल्ली गाणारेच लिहायच्या खोलीत येऊन बसतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? होनाजी लिहायचा, बाळा गायचा, नाममुद्रा दोघांची. पण बाळा निदान रोज फडावर उभा राहायचा. ज्या गाण्याची ही गोष्ट, त्याची गायिका लिहायच्या खोलीत चाळीस मिनिटं आली होती, त्यातली दहा पार्किंग शोधण्यात गेली.

तिच्या अल्बमसाठी शब्दांचा पक्का कागद हवा होता, म्हणून त्या दिवशी मी वर्क टेप लावली. एरवी आम्ही शेवटचं गाऊन घेतलेलंच ऐकतो. त्या दिवशी मी सुरुवातीपासून ऐकली, का ते आठवत नाही. अकराव्या मिनिटाला दार वाजतं आणि आमच्या रिसेप्शनवरची पोर विचारते, हॉट चिकन कुणाकुणाला, तिखट किती. कुणीतरी तिला घरची खुशाली विचारतं. ती म्हणते, "घरी फोन केला की आई आधी कुत्र्याच्याच कानाला फोन लावते." हशा. मग आजोबांचा आवाज: "थांब. परत म्हण." ती परत म्हणते. दार बंद होतं. गिटारवर दोन सूर, आणि ती ओळ जशीच्या तशी गाण्याचं धृपद होते.

पोरगी केंटकीहून गीतकार व्हायला आलेली. दिवसा आमचे फोन घेते, रात्री ओपन माइकच्या रांगेत उभी राहते.

आजोबांना ऐकवलं. चिडले नाहीत. म्हणाले, "लोक दिवसभर असं बोलतच असतात गं. ते पकडणं हा माझा धंदा." हे खोटं नाही. तीच ओळ मी जेवणाच्या टेबलावर ऐकली असती तर हसून विसरले असते. पण मग नुसती मान डोलावणाऱ्या गायिकेचा तिसरा हिस्सा कुठल्या न्यायाने? ते म्हणाले, "ती खोलीत होती." मी म्हटलं, "पोरगी दारात होती." त्यावर त्यांनी टोपी उचलली आणि निघाले. मालकांना विचारलं, तर त्यांनी शीटवर सह्या किती आहेत एवढंच विचारलं. तीन.

संध्याकाळी मी नोंदणी केली. शंभराचे तीन भाग सारखे पडत नाहीत आणि बेरीज शंभर झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. कुणा एकाला ३३.३४ द्यावे लागतात. ते मी आजोबांच्या नावावर टाकले, आणि त्या एका शतांशावर जरा जास्तच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या आठवड्यात पोरीने डेमो ऐकला. धावत आली. "अहो, हे तर मी बोलले होते!" तिला कोण आनंद झाला होता. आईला फोन लावून तिने तिथल्या तिथे ऐकवलं. पलीकडून भुंकणं ऐकू आलं. मी स्क्रीनकडे बघत "हो का?" म्हटलं.

अल्बम आता पुढे ढकललाय. कुणालाच अजून एक सेंट मिळालेला नाही. टेप माझ्याच फोल्डरमध्ये आहे. तिची एक जादा कॉपी मी करून ठेवली आहे, कशासाठी ते मालकांनी विचारलं तर मला सांगता येणार नाही.